सर्वानुमते

विद्यापीठांच्या इतिवृत्तांत एक शब्द इतक्या वेळा येतो की वाचणाऱ्याची नजर त्यावर न थबकता पुढे जाते. तो शब्द म्हणजे ‘सर्वानुमते’. अमुक विषय चर्चेस आला आणि सर्वानुमते संमत झाला. आमच्याकडे कारभार हिंदीत चालतो, म्हणून तेथे ‘सर्वसम्मति से अनुमोदित’ असे लिहितात, भाव तोच. मी एकतीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे या ना त्या नात्याने विद्यापीठाच्या मंडळांवर काढली. या काळात ‘सर्व’ या शब्दातील एक होऊन मी किती ठरावांना संमती दिली असेल, याचा हिशेब मजपाशी नाही. त्यांतील बहुतेक ठराव विसरण्याच्याच योग्यतेचे होते. एक मात्र विसरता आलेला नाही.

विद्यापीठाचे नाव सांगत नाही. त्याला महत्त्व नाही. २००८ सालचा उन्हाळा. विद्या परिषदेची बैठक सकाळी अकराला सुरू झाली. कार्यसूचीत चाळीसच्या वर विषय होते. दुपारच्या भोजनानंतर, डोळ्यांवर झापड आणि हातात चहाचा कप अशा अवस्थेत, सत्ताविसावा विषय पुकारला गेला. मथळा होता, ‘अल्प विद्यार्थिसंख्या असलेल्या विषयांची पुनर्रचना’. पुनर्रचना म्हणजे काय, ते जोडपत्रात होते : सहा विषय बंद करावयाचे होते आणि त्यांतील चौथा होता बी. ए. चा ऐच्छिक मराठी साहित्य. त्या विषयाचे प्राध्यापक निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. जागा भरली गेली नव्हती. एक ‘अतिथी विद्वान’ तासाच्या हिशेबाने येऊन शिकवीत आणि विद्यार्थी त्या वर्षी चार होते. मराठीच्या बाजूने बोलावे असे ज्याचे काम, त्याची खुर्चीच रिकामी असल्याने सभागृहात मराठीचे कोणी नव्हते.

नव्हते असे तरी कसे म्हणू? मी होतो. माझे पणजोबा शिंदे सरकारच्या दप्तरात मोडी लिहिण्यासाठी या मुलखात आले. चार पिढ्या झाल्या, घरात अजून मराठीच बोलली जाते. पण त्या दिवशी कार्यसूचीतला एकतिसावा विषय माझ्या विभागाचा होता. लोकप्रशासनाची नवी पदविका आणि तिच्यासाठी अध्यापकांच्या दोन जागा. कुलगुरूंचे मन प्रसन्न राहणे मला अगत्याचे वाटत होते. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारले, कोणाला काही म्हणावयाचे आहे काय. कोणालाच काही म्हणावयाचे नव्हते. सत्ताविसाव्या विषयाला फार तर दीड मिनिट लागले असेल. एकतिसावाही संमत झाला.

दोनएक महिन्यांनी शेजारच्या घरातील नात, जी त्या वर्षी बारावी झाली होती, अंगणात भेटली. म्हणाली, ‘काका, कॉलेजात सांगतात की मराठी आता मिळणार नाही. तुम्ही त्या मीटिंगला होतात ना? मग तुम्ही काय म्हणालात?’ मी म्हणालो, ‘अगं, नियमच आहे. निदान दहा मुले लागतात.’ हे अगदी खरे होते. तिने मात्र नियम विचारला नव्हता.

प्रसंग लहान आहे, आणि त्याने कोणाचा संसार मोडला नाही. तरीही त्याच्या पोटात एक प्रश्न आहे, जो गेल्या दीड दशकात देशातील अनेक विद्यापीठांत पुष्कळ मोठ्या रूपाने उभा राहिला. विद्यापीठात काय शिकवावे हे शिकवणाऱ्यांनी ठरवावे, सत्तेने नव्हे, हे तत्त्व आपण सारे मान्य करतो. ते कोणी मोडू लागले की आपल्याला रागही येतो. पण शिकवणारे एकत्र बसून, आपल्याच हाताने, गप्प राहून जे ठरवतात, त्याची जबाबदारी कोणाची? आणि जे स्वराज्य वापरलेच जात नाही ते काढून घेतले गेल्यावर तक्रार करण्याचा अधिकार कितपत उरतो?

दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. २०१० साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या इंग्रजी अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी काढून टाकण्यात आली. एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने तक्रार केली, आणि कुलगुरूंनी १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातील तातडीच्या अधिकाराचा उपयोग करून पुस्तक मागे घेतले. ज्या अभ्यासमंडळाने ते लावले होते, त्याच्याकडे विषय नीट फिरून गेलाच नाही. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात ए. के. रामानुजन यांचा ‘तीनशे रामायणे’ हा निबंध इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमातून वगळला गेला. येथे मात्र तातडीचा अधिकार वगैरे काही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून चार तज्ज्ञांची समिती नेमली गेली होती. तिघांनी निबंध ठेवावा असे म्हटले आणि चौथ्याला तो पदवीच्या वर्गांना झेपणे कठीण वाटले. ऑक्टोबर २०११ मध्ये विषय विद्या परिषदेपुढे आला, आणि परिषदेने निबंध काढण्याचे ठरवले. शंभराहून अधिक सभासदांच्या त्या सभेत विरोध नोंदवणारे मोजकेच निघाले.

रामानुजन हे आपल्या मंडळींना सर्वस्वी परके नाव नाही. मूळचे म्हैसूरचे, बेळगावात त्यांनी इंग्रजी शिकवले, वडोद्याच्या विद्यापीठातही शिकवले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा अभ्यास करून मग ते अमेरिकेस गेले. ज्या निबंधावरून हे रामायण घडले तो १९८७ मधील एका परिषदेसाठी लिहिलेला होता. रामकथा वाल्मीकींच्या बरोबरच कंबांची, जैनांची, थायलंडची आणि कानडी मौखिक परंपरेचीही आहे, असे त्यात दाखवले आहे. ज्यांच्या घरी भावार्थरामायण आणि तुलसीरामायण एकाच फडताळात असते, अशा आपल्यासारख्यांना यात धक्का बसण्याजोगे फारसे काही आढळणार नाही. पण निबंध चांगला की वाईट हा येथे मुद्दा नाही. विषयाचे जाणकार काय म्हणतात ते हातात असताना सभेने उलट निर्णय घेतला, हा मुद्दा आहे.

तर या दोहोंत अधिक वाईट काय? प्रथमदर्शनी मुंबईचे. तेथे एका माणसाने मंडळाला डावलले. दिल्लीत निदान रीतीप्रमाणे सभा झाली. मीही अनेक वर्षे असेच समजत होतो. आता मला उलट वाटते. हुकमाने जे होते त्याला एक कर्ता असतो. त्याला जाब विचारता येतो, आणि बाकीचे शिक्षक निदान स्वतःशी म्हणू शकतात की आम्हाला विचारले नाही. सभेने जे होते त्याला कर्ताच उरत नाही. शंभर शहाण्या माणसांनी मिळून काहीतरी केलेले असते, आणि एकेकाला गाठले तर प्रत्येकजण सांगतो की मी मनातून त्या बाजूचा नव्हतो. मुंबईत स्वायत्तता हिरावली गेली. दिल्लीत ती वापरली गेली, आणि वापरून तिने आपल्याच तज्ज्ञांचे मत नाकारले. पुन्हा असे की हिरावलेली गोष्ट परत मागता येते. जी आपणच खर्चून टाकली ती कोणाकडे मागायची?

दिल्ली विद्यापीठाचे उदाहरण आणखी थोडे पुढे नेतो, कारण एका पुस्तकाचा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूस सारता येईल. डिसेंबर २०१२ मध्ये तेथील विद्या परिषदेने पदवी तीनऐवजी चार वर्षांची करण्यास मान्यता दिली. जुलै २०१३ मध्ये, म्हणजे जेमतेम सात महिन्यांत, पहिली तुकडी दाखलही झाली. एवढ्या अवधीत घरातली एक खोली बांधून होत नाही. तेथे एवढ्या मोठ्या विद्यापीठाचे सारे पदवी अभ्यासक्रम नव्याने लिहिले गेले. प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो गणिताचा असो वा संस्कृतचा, अकरा पायाभूत पाठ्यक्रम सक्तीचे झाले. शिक्षकांच्या संघटनेने रस्त्यावर विरोध केला, वर्तमानपत्रांत लेख आले. सभेत, जेथे मत मोजले जाते तेथे, पुन्हा मोजकेच हात विरोधात उठले. मग मे २०१४ मध्ये केंद्रातील सरकार बदलले, जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने योजना मागे घेण्यास फर्मावले आणि महिना संपण्याच्या आत विद्यापीठाने ती मागे घेतली. ज्या मुलांनी वर्षभर ते अकरा पाठ्यक्रम गिरवायला घेतले होते, त्यांचा अभ्यासक्रम उरलेल्या दोन वर्षांत दुमडून बसवावा लागला. २०१५ मध्ये श्रेयांकांची नवी पद्धती आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२२ मध्ये चार वर्षांची पदवी त्याच विद्यापीठात पुन्हा अवतरली.

चार वर्षे बरी की तीन, यावर माझे स्वतःचे फार पक्के मत नाही. दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत. मला खटकते ते निराळेच. २०१२ साली जे एका कुलगुरूंच्या आग्रहाखातर संमत झाले, २०१४ साली जे आयोगाच्या पत्राखातर रद्द झाले, आणि २०२२ साली जे राष्ट्रीय धोरणाखातर पुन्हा आले, त्या तिन्ही वेळी वरच्या वाऱ्याची दिशा आणि विद्यापीठाच्या निर्णयाची दिशा एकच होती. एखाद्या विषयावर माणसाचे मत बदलू शकते, बदलावेही. पण प्रत्येक वेळी ते सत्तेच्या मताशी जुळावे, हा योगायोग दर खेपेस मान्य करणे कठीण आहे. मत खरोखर होते काय, अशी शंका मग येते.

सीमाभागातल्या वाचकांनी हेच नाटक दुसऱ्या रंगमंचावर पाहिले. कर्नाटकाने २०२१-२२ पासून नव्या राष्ट्रीय धोरणानुसार पदवीची चौकट बदलली; या कामी ते राज्य देशात पहिले होते. पुढे राज्यात सत्तापालट झाला. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला गेला, त्याचा अंतरिम अहवाल आला आणि मे २०२४ मध्ये शासनाने तीन वर्षांची पदवी पुन्हा चालू केली. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखालील एखाद्या कॉलेजात एकाच घरातील तीन भावंडे पाठोपाठ शिकली असतील, तर थोरल्याची पदवी एका चौकटीत, मधल्या बहिणीची दुसऱ्या आणि धाकट्याची तिसऱ्या चौकटीत झाली असणे सहज शक्य आहे. अभ्यासमंडळांतील प्राध्यापकांनी दर वेळी नवे अभ्यासक्रम वेळेत लिहून दिले. हे त्यांच्या कार्यक्षमतेचे लक्षण आहे, आणि मला तेच भयावह वाटते.

अभ्यासक्रम म्हणजे एक वचन असते, आणि ते ज्याला दिले जाते तो सभेत हजर नसतो. अजून त्याने अर्जही भरलेला नसतो. अनुपस्थिताला दिलेले वचन मोडणे हे उपस्थिताला दिलेले मोडण्याहून सोपे, कारण समोर कोणाचा चेहरा पडत नाही. म्हणूनच, मला वाटते, सभेतील माणसावर तेथे अधिक भार असतो. आमच्या सत्ताविसाव्या विषयातील ते चार विद्यार्थी सभेत नव्हते आणि शेजारची ती मुलगी तर तेव्हा बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होती.

या भाराचा हिशेब आपल्याकडे फार पूर्वी एका सभेत मांडला गेला आहे. द्रौपदीने कुरुसभेत प्रश्न विचारला आणि थोर थोर माणसे खाली पाहत बसली, तेव्हा विदुराने एक जुनी कथा सांगून सभासदांना बजावले. जे निंद्य आहे त्याची निंदा सभेत होत नसेल, तर पापाचा अर्धा वाटा सभेच्या श्रेष्ठाकडे जातो, चौथाई करणाऱ्याकडे, आणि उरलेली चौथाई गप्प बसलेल्या सभासदांकडे. मनुस्मृतीत हिशेब जरा वेगळा आहे. तेथे कर्ता, साक्षी, सभासद आणि राजा यांना सारखे चार वाटे. आकडे काही असोत, सभासदाला शून्य कोणीच दिलेले नाही. मी वर्गात हे सांगत असे, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले होते : ही चौथाई साऱ्या सभासदांत मिळून, की एकेकाला वेगळी? मिळून असेल, तर सभा जितकी मोठी तितके प्रत्येकाचे पाप बारीक होत जाईल, आणि शंभरांच्या सभेत ते जवळजवळ अदृश्य होईल. वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न खरा होता, आणि आमच्या सभा मोठ्या का असतात याचे एक उत्तरही त्यात होते.

माझ्या मते दोष असा वाटला जात नाही. चौघांनी मिळून एकाला पाण्यात लोटले, तर प्रत्येकाने पाव खून केला असे आपण म्हणत नाही. वाटणी पैशाची होते, जमिनीची होते. मी बोलू शकत होतो आणि बोललो नाही, हे माझ्यापुरते अखंडच राहते, मग शेजारी नव्याण्णव गप्प बसलेले असोत. त्या कुरुसभेत कौरव भावांपैकी एकटा विकर्ण बोलला. कर्णाने त्याला पोर म्हणून गप्प केले आणि सभेचा निर्णय तसूभरही हलला नाही. म्हणजे त्याचे बोलणे वाया गेले काय? निकालाच्या दृष्टीने गेले. पण त्या एका आवाजामुळे ती सभा सर्वानुमते झाली नाही, आणि भीष्मादिकांना पुढे कधी असे म्हणण्याची सोय उरली नाही की तेथे कोणालाच काही सुचले नव्हते.

यावर जो आक्षेप येतो तो मला चांगला ठाऊक आहे, कारण मीच तो वर्षानुवर्षे घेत आलो. सभा म्हणजे सौजन्याचा व्यवहार. दर विषयावर अडून बसले तर चाळीस विषय चाळीस दिवस चालतील. आमच्याच परिषदेत रसायनशास्त्राचे एक अध्यापक होते, ते प्रत्येक विषयाला उभे राहत. परीक्षाशुल्क असो, दीक्षान्त समारंभाचा झगा असो, त्यांची हरकत ठरलेली. प्रथम लोक ऐकत, मग हसत, मग त्यांच्या बोलण्याच्या वेळी पाय मोकळे करावयास बाहेर जाऊ लागले. एकदा पदव्युत्तर प्रयोगशाळेचे तास निम्मे करण्याचा ठराव आला. ते उभे राहिले आणि त्या दिवशी ते शंभर टक्के बरोबर बोलत होते. अर्धे सभागृह बाहेर होते. तेव्हा विरोध हा जपून वापरावयाचा असतो, यात शंका नाही. पण जपून ठेवलेला विरोध वापरावयाची वेळ आली की आपण तो आणखी थोडा जपतो. आमच्यासारख्या सौजन्यशील माणसांची खरी अडचण ही आहे.

दुसराही एक आक्षेप आहे, आणि तो शिक्षकांना आवडत नाही. अभ्यासक्रम शिक्षकांनी ठरवावा असे म्हणताना शिक्षक कशाच्या आधारे तो ठरवतात हेही पाहिले पाहिजे. अभ्यासमंडळांत मी ज्ञानाविषयी जितकी चर्चा ऐकली, त्याच्या तिप्पट कार्यभाराविषयी ऐकली. अमुक प्रश्नपत्रिका का ठेवावी? कारण ती शिकवणारे दोघे आहेत आणि ती गेली तर त्यांचे तास कमी पडतील. तमुक का आणू नये? कारण ती शिकवता येणारा कोणी नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या टिपणांवर आजही निवृत्तीपर्यंत सुखाने जाता येते, आणि जाणारे जातात. अशा मंडळांवर सरकारने किंवा समाजाने बोट ठेवले तर निव्वळ ‘स्वायत्तता’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. पैसा जनतेचा आहे. किती वर्षे शिकवावे, कोणाला प्रवेश द्यावा, शुल्क किती असावे, यांत तिचा शब्द असलाच पाहिजे. पाठ्यपुस्तकात काय असावे, पुरावा कशाला म्हणावे, हे मात्र त्या विद्येत आयुष्य घालवणाऱ्यांनीच ठरवावयाचे. या दोहोंमधली रेघ स्वच्छ नाही, हे मी कबूल करतो. तीनची चार वर्षे करणे हा वरवर व्यवस्थेचा प्रश्न. आत शिरल्यावर तो प्रत्येक विषयाच्या पोटातला प्रश्न ठरतो.

रेघ अशी पुसट आहे म्हणूनच ती राखणारी माणसे लागतात, आणि जेथे ती राखली जात नाही तेथे कायदा येतो. गुजरातेत २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीने भरल्या जाणाऱ्या सिनेट आणि सिंडिकेट संपवल्या. त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. वडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्यातच आले. १९४९ साली स्थापन झालेले, हंसाबेन मेहतांसारख्या पहिल्या कुलगुरू लाभलेले हे विद्यापीठ. तेथील सिनेटमध्ये पदवीधर मतदान करून आपले प्रतिनिधी पाठवीत आणि वडोद्याच्या मराठी घरांतूनही त्या निवडणुका चवीने लढवल्या गेल्या. कायद्याच्या बाजूने सांगितले गेले की निवडणुकांचे राजकारण विद्येच्या मुळावर येते. विरोधकांनी म्हटले की आता सारी सूत्रे सरकारच्या हाती. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. माझा कल विरोधकांकडे आहे. पण सिनेट जिवंत असताना तिच्यात काय चाले, याविषयी फार हळवे होऊन बोलणे माझ्याच्याने होणार नाही.

कायद्याने सभा बांधली की सारे संपले असेही नाही. १९०४ साली कर्झनच्या सरकारने विद्यापीठांचा कायदा केला आणि कलकत्ता, मुंबई, मद्रासच्या सिनेटांत सरकारनियुक्त सभासदांचे प्राबल्य करून ठेवले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे गोखले तेव्हा वरिष्ठ कायदेमंडळात होते. विधेयक मंजूर होणार हे ठाऊक असून त्यांनी मुद्द्यामागून मुद्दा घेत त्याला विरोध केला. ते मंजूर झालेच. पुढे त्याच कायद्याखाली, त्याच सरकारनियुक्त सिनेटमध्ये बसून, आशुतोष मुखर्जींनी कलकत्त्यास पदव्युत्तर शिक्षणाचे जे विभाग उभे केले, तसे त्या काळी देशात दुसरीकडे नव्हते. आणि त्याआधी मुंबईस, जेव्हा सिनेटवर ही नवी वेसण नव्हती, तेव्हा काय घडले? आरंभीच्या काळात परीक्षांत असलेल्या मराठी, गुजराती आदी देशी भाषा तेथील विद्वानांच्या सभेनेच वरच्या परीक्षांतून काढल्या. त्यांना पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे वर्षानुवर्षे त्याच सभेत खटपट करीत राहिले. हयातीत त्यांच्या पदरी त्यातले थोडेच पडले.

रानड्यांचा हा उल्लेख मी केला, पण तो करताना जरा ओशाळतो. हरण्याची खात्री असलेला विषय ते पुन:पुन्हा सभेत आणत राहिले. माझा विषय तर मला आणावाही लागला नव्हता. तो आपोआप, क्रमांक पडून, समोर आला होता. मला फक्त उठून एवढेच म्हणावयाचे होते की जागा न भरल्याने विद्यार्थी घटले आणि विद्यार्थी घटल्याने विषय बंद, हा न्याय उफराटा आहे. विषय तरीही बंद झाला असता. पण माझे म्हणणे दोन ओळींत नोंदले गेले असते, आणि दहा वर्षांनी कोणी तो विषय पुन्हा सुरू करू म्हणता, तर फाईल उघडल्यावर त्याला दिसले असते की येथे एकजण तरी अडला होता. आज फाईल उघडणाऱ्याला असे दिसेल की मराठी बंद करणे सर्वांना, मराठी माणसालाही, योग्यच वाटले होते.

हे मी अनुमानाने सांगत नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून, मी त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागवली. कागद मिळाले. उपस्थितांच्या यादीत माझे नाव आहे, हुद्द्यासह. सत्ताविसाव्या विषयापुढे ‘सर्वसम्मति से अनुमोदित’ असे आहे. शब्द छापील असतो तेव्हा त्याच्यात आपण दिसत नाही, पण शोधले तर सापडतो. मी कुलसचिवांना एक पत्र लिहिले : मी त्या दिवशी उपस्थित होतो, मी संमती दिली नव्हती, मी केवळ बोललो नव्हतो; तरी माझे भिन्न मत नोंदले जावे. लिहिताना मला जाणवले की हेही पुरते खरे नाही. न बोलणे हीच त्या सभेत संमती देण्याची रीत होती, आणि ती रीत मला माहीत होती. ते वाक्य खोडून मी लिहिले की संमती दिली होती, आता ती मागे घेत आहे.

उत्तर सहा आठवड्यांनी आले. पुष्टी झालेल्या इतिवृत्तात बदल करण्याची तरतूद नाही, मात्र पत्र अभिलेखात ठेवण्यात आले आहे. कारकुनाने नम्रपणे लिहिले होते आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. शेजारची ती मुलगी पुढे हिंदी घेऊन एम. ए. झाली, आता एका शाळेत शिकवते, दिवाळीला माहेरी येते, फराळाचे ताट घेऊन आमच्याकडे येऊन जाते. तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही. पत्राची प्रत आणि उत्तर माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिला दाखवावे की नाही, हे दर दिवाळीत मनात येते आणि ती निघून जाईपर्यंत ठरत नाही.